प्रस्थानाची सायकल

माझ्या घराच्या पुढच्या खोलीत वर्षाहून अधिक काळ एक सायकल उभी होती. ती माझ्या भाच्याची, प्रणवेशची. तो गेला आणि सायकल राहिली. ती परत माझ्या भावाच्या घरी पाठवायची सोय नव्हती, कारण ती प्रस्थान म्हणून ठेवलेली होती.

प्रस्थान म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. प्रवासाला निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवाशाची वस्तू त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात, आणि नंतर वाईट दिवशी निघालं तरी चालतं. कुणी अंगवस्त्र ठेवतं, कुणी वाटीभर तांदूळ. एकदा ठेवलेली वस्तू मात्र मागे न्यायची नाही. जाताना उचलायची आणि पुढेच न्यायची. हे शास्त्र कुणी लिहिलं मला ठाऊक नाही. लिहिणारा भेटला असता तर त्याला मी चार शब्द ऐकवले असते.

माझा थोरला भाऊ सीतारामराव. त्याला मी अण्णा म्हणते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता, आणि सगळी नोकरी तंजावूर ते तिरुवैयारु ह्या पट्ट्यातल्या कालव्यांवर गेली. कुठल्या झडपेतून किती इंच पाणी सोडायचं हे ठरवण्यात आयुष्य घालवलेला माणूस घरी तरी वेगळा कसा वागणार? मोजल्याशिवाय त्याचं पाऊल उचलायचं नाही. छताचा पंखा पसंत करायला त्यानं तीन उन्हाळे घालवले, आणि तोवर भागीरथी वैनी पदरानं वारा घेत बसली. वैनी म्हणायची, "माझ्या लग्नाला होय म्हणायला ह्यांना किती वर्षं लागली असतीं, ते माझ्या अप्पांनी घाई केली म्हणून कळलं नाही."

प्रणवेश त्यांचा एकुलता एक. लहानपणी अण्णा सायकलच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून त्यावर त्याला बसवायचा आणि तिरुवैयारुला घेऊन जायचा. आमचा मुलूख सपाट. चढ पाहायचा तर तो पुलाचा, आणि तिरुवैयारुच्या वाटेवर पाच नद्यांचे पाच पूल. पूल आला की अण्णा उतरून सायकल ढकलायचा. हे पोरही खाली उडी मारून मागून हात लावायचं. "अप्पा, मी ढकलतों, तुम्ही बसा." एवढंसं पोर, सायकलच्या सीटला हात पुरायचा नाही. मग कावेरीच्या पुलावर विचारायचं, ह्याच्याहून मोठा चढ कुठे असतो? अण्णा सांगायचा, कोडैकानलला. आपण दोघं जाऊ.

त्या जाण्याला वीसेक वर्षं मुहूर्त लागला नाही. मग देशात सगळं खुलं झालं, बेंगळूरला जो तो कंप्यूटरमध्ये शिरू लागला, तसा आमचा प्रणवेशही शिरला. त्याच्या कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत निघाला होता. त्याच्याकडून ह्यानं दोन डोंगरी सायकली घेतल्या आणि लॉरीनं तंजावूरला पाठवून दिल्या. एक स्वतःसाठी, एक अण्णासाठी. गियरवाल्या, जाड टायरच्या, आणि जड म्हणजे इतक्या जड की लॉरीवाल्यानं उतरवताना अण्णाकडे पाहून विचारलं, आत काय भरलंय. अण्णानं त्या तांदळाच्या काट्यावर तोलल्या. एकेक अठरा किलोची.

आता प्रश्न उरला की ह्या दोन सायकली अण्णाच्या मारुती गाडीवर चढवून कोडैकानलपर्यंत न्यायच्या कशा. प्रश्न मिळाला म्हटल्यावर अण्णाला दुसरं काय हवं होतं? त्यानं त्याचा असा कीस पाडला की रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले की सांबाराच्या आधी पानात हा सायकलींचा रॅक पडायचा. मार्ग तीन होते. पहिला म्हणजे टपावर कॅरियर बसवायचा. तो भक्कम, पण प्रत्येक सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते. दुसऱ्यात पट्ट्यांनी मागच्या दाराला टांगायच्या. अण्णानं दाराचा पत्रा अंगठ्यानं दाबला, तो आत गेला, आणि दुसरा मार्ग तिथेच संपला. तिसऱ्यात गाडीच्या खालच्या सांगाड्याला बोल्टनं जोडलेली एक लोखंडी चौकट मागे काढायची, गुडघ्याच्या उंचीवर. तिच्यात टायर बसण्यापुरत्या दोन पन्हळी. आधी पुढचं चाक वर ठेवायचं, मग मागचं. अख्खी सायकल एकदम उचलावी लागतच नाही.

प्रणवेशला हा तिसराच हवा होता. त्याचा फोन रविवारीच यायचा, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो एकच गोष्ट घोळून घोळून सांगायचा. एकट्या माणसाला चढवता आली पाहिजे.

अण्णा म्हणायचा, "एकटा कशाला रे? दोघं आहोंत कीं. एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी."

"तरी पण अप्पा. तुम्हांला एकट्याला जमलं पाहिजे."

हे अण्णाला झोंबलं. फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ऐकलीस? बापाचे हात चालेनासे झाले असं ह्याला वाटतंय." मी म्हटलं, तुझी काळजी करतोय. तर म्हणाला, काळजी करायला मी काय खाटेवर पडलोय? आणि ज्या माणसानं पंख्याला तीन उन्हाळे लावले, त्यानं पुढच्याच आठवड्यात टपावरचा कॅरियर आणून बसवला. चिडून घेतलेली वस्तू जशी असते, तसा तो कॅरियर गाडीवर दिसायचा.

दीपावळीला प्रणवेश आला. जरा उतरलेला वाटला. वैनीनं खापर मेसच्या जेवणावर फोडलं आणि त्याला डांगर पच्चडी, उक्करै, जे जे आवडतं ते करून घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णानं आम्हां सगळ्यांना दारात बोलावलं आणि सायकल चढवून दाखवली. दांड्याला आणि चाकाला धरून एका दमात डोक्यावर, मग टपावर. साठी उलटलेला माणूस. मानेच्या शिरा फुगल्या, शर्ट पाठीला चिकटला. प्रणवेश दोन पावलांवर हात पाठीमागे बांधून उभा होता. वैनी म्हणाली, "हात लाव रे, बघतोस काय." तो जागचा हलला नाही. म्हणाला, "अप्पांना जमतंय कीं, अम्मा." अण्णानं दुसरी सायकलही एकट्यानं चढवली.

संध्याकाळी अण्णा माझ्याकडे आला आणि ओसरीवर बसून राहिला. कॉफी निवली तरी घेईना. शेवटी म्हणाला, "बेंगळूरला जाऊन साहेब झालाय, राजम. मी घामानं भिजलों आणिक हा हात मागे बांधून बघत राहिला. पुलावर मागून ढकलणारा तो कोण होता?"

मी म्हटलं, हट्टी आहे, तुझाच मुलगा आहे. त्याचा रॅक घेतला नाहीस म्हणून फुगलाय. उद्या विसरेल. खरंच मला तसं वाटलं होतं. दुसरं वाटण्यासारखं त्यानं काही दिसू दिलं नव्हतं.

जाताना त्यानं बापाचे पाय धरले आणि पोंगलच्या सुट्टीत नक्की जायचं असं ठरवलं. शनिवारी रात्री बेंगळूरहून बसनं निघायचं, रविवारी पहाटे उतरायचं आणि तसंच गाडीत बसून कोडैकानल. बस सुटता सुटता खिडकीतून पुन्हा म्हणाला, "अप्पा, तो खालचा रॅक बघा कीं." अण्णानं ऐकू न आल्यासारखं केलं.

पोंगल जवळ आल्यावर वैनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. रविवारी पश्चिमेला सूलम. म्हणजे त्या दिशेला त्या दिवशी जाऊ नये. कोडैकानल पश्चिमेलाच, आणि प्रणवेशला रजा त्याच दिवसापासून. वैनी अडून बसली. मग अण्णानंच तोड काढली, बुधवारी प्रस्थान ठेवू. त्यांचं घर राजवाड्याच्या अंगाला आणि माझं मेलवीदी रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे पश्चिमेला. बेत मूळचा प्रणवेशचा, म्हणून वस्तूही त्याचीच. वैनी त्याचा जुना सदरा देत होती. अण्णा म्हणाला, सदऱ्यानं काय होतंय, जायची आहे ती सायकलच ठेवू. असं मोजून मापून शास्त्र पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दांड्याला हळदकुंकू लावलेली ती सायकल तो रस्त्यानं ढकलत माझ्या घरी घेऊन आला. येताना हसत होता. दीपावळीनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होते. वैनी वाटेत खायच्या पुळियोदरै भातासाठी चिंचेचा कोळ आटवत होती आणि अण्णा टपावर चढून दोऱ्या ताणून पाहत होता. फोन मी घेतला. प्रणवेशबरोबर राहणारा कल्याणराम बोलत होता, आपल्यातलाच, पापनाशमचा. प्रणवेश बॅग भरता भरता खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला. बाहेर टपावरून अण्णा विचारत होता, "त्याचाच काय? किती वाजतांची बस म्हणाला?" आयुष्यात मी पुष्कळ मुलांना पुष्कळ काही समजावून सांगितलं, शिक्षिका होते. ते एक वाक्य मला सांगता आलं नाही. वैनी माझं तोंड पाहूनच खाली बसली. आतला कोळ करपला, त्याचा वास घरभर झाला, आणि कुणी चुलीपाशी गेलं नाही.

मुलानं बापाचं करायचं ते सगळं अण्णानं मुलाचं केलं. तेराव्याला कल्याणराम आला. जेवणं उरकेपर्यंत थांबला. मग अण्णाच्या जवळ जाऊन म्हणाला, "मामा, तुम्हांला सांगायला पायजे. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सांगिटलं होतं, हृदय कमजोर झालंय म्हणून. वजन उचलायचं नाही, चढ चढायचा नाही. सायकली लॉरीवर मीच चढवलों. त्याला हात लावू दिलों नाही."

"आम्हांला कां नाही सांगिटला?" वैनीनं विचारलं.

"कोडैला गेल्यावर अप्पांना सांगतों म्हणाला. वरपर्यंत गाडीनं जाऊं, अप्पा चालवतील तेवढं चालवतील, आणिक मी उतारावर नुसता बसून येतों म्हणाला. पण सायकली गाडीवर कोण चढवणार, ह्याचीच त्याला फार चिंता होती."

अण्णा उठला आणि बाहेर गेला. काही वेळानं मी मागोमाग गेले. गाडीपाशी उभा होता, एक हात टपावरच्या कॅरियरवर. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो मला म्हातारा म्हणत नव्हता, राजम."

दारात हात पाठीमागे बांधून उभं राहिलेलं ते पोर माझ्याही डोळ्यांपुढे आलं. बापाच्या मानेच्या शिरा फुगताना बघत होतं आणि हात घट्ट धरून ठेवत होतं. मला रडू आलं ते तेव्हा. आधीचे सगळे दिवस मी माणसांचं जेवणखाण बघत फिरत होते.

त्यानंतर सायकल माझ्याकडेच राहिली. येणारा जाणारा विचारायचा, ही कुणाची? एका नातलगानं सल्ला दिला, परत पाठवून द्या किंवा कुणाला तरी देऊन टाका, घरात नको. अण्णा त्याला शांतपणे म्हणाला, "प्रस्थान ठेवलंय. तें मागे फिरत नाही." वैनीनं माझ्या घरी पाऊल टाकणं सोडलं. आधी ती दर शुक्रवारी देवळातून परतताना यायची. आता मेलवीदीच्या कोपऱ्यावरून वळून जायची. तिनं मनाशी धरलं होतं की सूलम बघत बसलो नसतो, बुधवारीच त्याला बोलावून घेतलं असतं, तर तो आपल्यापाशी असता. मी तिला एकदा खडसावलं, वैनी, बुधवारी आला असता तरी हृदय तेच होतं. तिनं ऐकून घेतलं. पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, आणि मीही पुन्हा बोलले नाही.

मी सायकलवरची धूळ पुसायचे. टायर हळूहळू बसले, तेव्हा पंप आणून हवा भरली. हसण्यासारखं आहे, पण मला ती बसलेली बघवेना. दांड्यावरचं हळदकुंकू मात्र मी पुसलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि काही दिवसांनी अण्णानं टपावरचा कॅरियर काढून टाकला. मग एका सकाळी मी गेले तर तो गाडीच्या मागे जमिनीवर आडवा झाला होता, हातात फूटपट्टी. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. वैनी दारात बसली होती, ती म्हणाली, "खालचा रॅक करतायत." मी तिच्याशेजारी बसले. दोघी बघत राहिलो. तो उठला, गाडीला पाठ लावून उभा राहिला आणि जमिनीपासून स्वतःचा गुडघा मोजू लागला. एकट्याला ते जमेना. फूटपट्टी घसरायची. तेव्हा वैनी उठली, त्याच्या पायाशी बसली आणि पट्टीचं खालचं टोक तिनं धरलं.

नांजिकोट्टै रस्त्यावर वैद्यनाथचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं पहिल्यांदा चौकट केली ती धुराच्या नळीला इतकी खेटून की टायर भाजला असता. अण्णानं वाद घालून ती कापायला लावली. दुसऱ्या खेपेला एक पन्हळ अरुंद झाली. तिसऱ्या खेपेला वैद्यनाथच वैतागला, म्हणाला, सार, सायकलच न्यायची आहे ना, देवाचा रथ तर नव्हे. अण्णा म्हणाला, "आणिक एकदां कर." ह्या कामाला त्यानं महिने लावले आणि ह्या वेळी त्याला कुणी हसलं नाही. मलाही वाटायचं, होऊ दे सावकाश. काम संपलं की काय उरणार, ह्याची धास्ती मलाही होती.

एका रविवारी पहाटे माझ्या दारात गाडी थांबली. पुढच्या सीटवर वैनी, मांडीवर डबा. मागे नवी चौकट, काळा रंग दिलेली, आणि आतल्या पन्हळीत अण्णाची सायकल. बाहेरची पन्हळ मोकळी.

मी म्हटलं, "अण्णा, आज रविवार. पश्चिमेला सूलम आहे."

"प्रस्थान ठेवलंय कीं," तो म्हणाला.

त्यानं आत येऊन सायकल बाहेर काढली. ओसरीच्या पायऱ्यांवर मी मागून धरायला गेले, तर म्हणाला, "हात लावूं नको, राजम. मला एकट्याला बघूं दे." मी मागे सरले. काय करावं कळेना म्हणून हात पाठीमागे घेतले. त्यानं सायकल चौकटीपाशी आणली. पुढचं चाक उचलून पन्हळीत ठेवलं. मग वाकून मागचं. धाप लागली नाही, शर्ट भिजला नाही. जरासे कष्ट पडले, तेवढेच. मला तरी पुढे होऊन धरावंसं वाटत होतं, हात शिवशिवत होते, आणि मी ते एकमेकांत घट्ट अडकवून उभी राहिले. आपल्या माणसाला ओझं उचलताना बघत नुसतं उभं राहणं किती कठीण असतं, ते मला त्या पहाटे कळलं. आमच्या पोरानं ते दोन सायकलींपुरतं सोसलं होतं.

अण्णानं पट्टे आवळले, एकदा हलवून पाहिलं. सायकल तसूभर सरकली नाही. तो चौकटीवर हात ठेवून म्हणाला, "बरोबर सांगत होता." मग डोळे पुसत पुढे गेला.

वैनी गाडीतून उतरली. वर्षाहून अधिक काळानंतर पहिल्यांदा माझ्या ओसरीची पायरी चढली, रिकाम्या झालेल्या खोलीत डोकावली, आणि सायकल उभी होती तिथे फरशीवर पडलेला तेलाचा डाग बघत क्षणभर थांबली. पुन्हा गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली.

"राजम, प्रवास झाल्यावर तर परत नेता येतंय न्हवे?"

"येतंय, वैनी."

"मग येतांना सरळ आमच्या घरी नेतों," ती म्हणाली. "त्याच्या खोलीत जागा करून ठेवलींय."